पृथ्वी आणि गडकरी, दोन्ही १९७८ची. मग उपनगरांत दुसरं 'पृथ्वी' का झालं नाही?

पाचवी रांग | सोमवार, सकाळी ११:२०

५ नोव्हेंबर १९७८ला जुहूच्या जानकी कुटीरमध्ये पृथ्वी थिएटर सुरू झालं. त्याच वर्षी ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभं राहिलं. तेव्हाच्या गिरगाव-दादरच्या नाटकवाल्यांच्या लेखी दोन्ही ठिकाणं गावाबाहेरची. एक कपूर कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेनं बांधलं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. दुसरं नगरपरिषदेनं, हजारच्या घरातलं.

आता उपनगरांत मराठी माणसासाठी जी नाट्यगृहं आहेत ती आठवा. पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, वाशीचं विष्णुदास भावे, कल्याणचं अत्रे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले. सगळी गडकरीच्या मापाची. पृथ्वीच्या मापाचं, फक्त नाटकासाठी म्हणून बांधलेलं स्वतंत्र नाट्यगृह मला यात एकही दिसत नाही. प्रायोगिक नाटकांचं छबिलदास झालं ते दादरला, आणि तेही शाळेच्या हॉलमध्ये.

का बरं? पैसा नव्हता, जागा नव्हती, की इच्छाच नव्हती? माझं मत सांगून टाकतो: इच्छा नव्हती. आपल्याला नाटक बाल्कनीसकट लागतं. मतभेद असतील तर स्वागत आहे.

खवचट | सोमवार, सकाळी ११:३१

आधी काडी टाकायची आणि वर स्वागत आहे म्हणायचं. बसलो आहे. बाल्कनीतच.

तलावपाळी | सोमवार, दुपारी १:०५

इच्छा नव्हती म्हणणाऱ्यांनी १९७८चं ठाणं पाहिलेलं दिसत नाही. तेव्हा ठाण्याला महापालिकासुद्धा नव्हती, ती १९८२ला झाली. नगरपरिषद होती, सतीश प्रधान नगराध्यक्ष होते. अशा गावानं तलावाच्या काठची मोक्याची जागा नाट्यगृहाला दिली, दुकानांना नाही. ही इच्छा नाही तर काय?

त्याआधी ठाणेकराला नाटक बघायचं तर दादरचं शिवाजी मंदिर, नाहीतर थेट गिरगावात साहित्य संघ. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत शेवटच्या गाडीचे वांधे. तिसऱ्या अंकात नायिका रडत असताना लोक घड्याळ बघत उठायचे, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या वडिलांना कित्येक नाटकांचे शेवट दुसऱ्यांकडून ऐकूनच माहीत होते. गडकरी झालं आणि नाटक चालत जाण्याच्या अंतरावर आलं. बायका, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं पहिल्यांदा नाटकाला यायला लागली.

अशा गावात तुम्ही दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह बांधलं असतंत, तर पहिल्याच रविवारी बुकिंगच्या खिडकीवर मारामारी झाली असती.

पार्लेकरीण | सोमवार, दुपारी २:४०

पृथ्वीबद्दल थोडं, कारण 'कपूर आहेत, पैसा आहे, बांधलं' असा समज असतो. ते इतकं सरळ नव्हतं.

पृथ्वी थिएटर्स ही मुळात फिरती नाटक मंडळी. पृथ्वीराज कपूर यांनी ती १९४४ला काढली. दीवार, पठान, गद्दार, आहुती, पैसा ही त्यांची नाटकं. मुंबईत प्रयोग व्हायचे ते गिरगावच्या ऑपेरा हाउसला, बाकी देशभर दौरे. प्रयोग संपला की पृथ्वीराज दारात झोळी घेऊन मान खाली घालून उभे राहायचे, मदतनिधीसाठी. जोहरा सहगल त्यात होत्या. शंकर आणि जयकिशन ही जोडी जमली तीही या मंडळीच्या वादकांतूनच. पण स्वतःचं नाट्यगृह म्हणाल तर एकही नाही. सिनेमातून मिळवायचं आणि नाटकात घालायचं असं चाललं होतं. १९६०ला मंडळी बंद झाली.

१९६२ला पृथ्वीराजनी जुहूची ही जागा भाडेपट्ट्यानं घेतली. बांधायचं राहूनच गेलं. १९७२ला ते गेले, आणि पट्ट्याची मुदतही त्याच वर्षी संपली. मग कुटुंबानं जमीन घेतली, १९७५ला त्यांच्या नावे विश्वस्त संस्था काढली आणि शशी कपूर व जेनिफर केंडल यांनी वेद सेगन या वास्तुशिल्पीकडून नाट्यगृह करून घेतलं. सगळा व्याप जेनिफरनं अंगावर घेतला होता. तिच्या आईवडिलांची शेक्सपिअरची नाटकं करत गावोगाव हिंडणारी मंडळी होती, तिचं आयुष्यच विंगेत गेलेलं. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये नाटक करताना काय काय सोसावं लागतं हे माहीत असलेल्या बाईनं ते नाट्यगृह उभं केलंय. सहा वर्षांत, १९८४ला, ती गेली. २८ फेब्रुवारी हा तिचा वाढदिवस. त्या दिवशी तिथे झाकीर हुसेन वाजवायचे, वर्षानुवर्षं.

तर पाचवी रांग, इच्छा लागते हे खरं. पण आधी जमीन लागते, आणि ती विकायची नाही असं ठरवणारं कुणीतरी लागतं.

नेमकं बोला | सोमवार, दुपारी ३:१५

तारखेकडे कुणाचं लक्ष गेलं का? ५ नोव्हेंबर म्हणजे मराठी रंगभूमी दिन. १८४३ला याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं.

आणि पृथ्वीतलं पहिलं नाटक कुठलं? गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, बेंजामिन गिलानी. म्हणजे मराठी रंगभूमी दिनाला मराठी नाटककाराच्या नाटकानं जुहूचं हिंदी-इंग्रजी नाट्यगृह उघडलं. आपण मात्र पृथ्वी म्हटलं की 'ते त्यांचं' म्हणून नाक मुरडतो.

खवचट | सोमवार, दुपारी ३:२२

म्हणजे पृथ्वीसुद्धा मूळची सांगलीची! अभिनंदन.

पार्लेकरीण | सोमवार, दुपारी ३:५०

तारीख योगायोगानं जुळली असावी हो. पृथ्वीराजांचा जन्मदिवस ३ नोव्हेंबर, तेव्हा त्या आठवड्यात उद्घाटन होणं साहजिक. पण नाटक मुद्दाम निवडलेलं, हे नक्की. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे उलटतपासणी, हा विषय घेऊन कोण नाट्यगृहाचं उद्घाटन करतं? आपल्याकडे अशा वेळी नांदी, सत्कार, शाल-श्रीफळ आणि मंत्र्यांचं भाषण.

तलावपाळी | सोमवार, सायंकाळी ४:३०

नांदीत वाईट काय आहे?

विंगेतला | सोमवार, रात्री १०:४५

मी बरीच वर्षं व्यावसायिक नाटकांचे लाइट केले, अधूनमधून प्रायोगिकवाल्यांबरोबर पृथ्वीतही गेलो. इथे खुर्च्या मोजणं चाललंय, पण फरक नुसता आकड्याचा नाही. तो कुठे पडतो ते सांगतो.

मोठ्या नाट्यगृहात चौकट असते, समोर पडदा, सगळे प्रेक्षक एका बाजूला. शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा टिकलीएवढा दिसतो. म्हणून नट समोर बघून वाक्य टाकतो, हात मोठा करतो, हशा ओसरेपर्यंत थांबतो. याला लोक 'व्यावसायिक अभिनय' म्हणून हिणवतात. अहो, तो त्या अंतराचा हिशेब आहे. बाल्कनीतल्या माणसानंही पैसे दिलेले असतात.

पृथ्वीत प्रेक्षक तीन बाजूंना, चढत्या पायऱ्यांवर. रंगमंच उचललेला नाही, पहिल्या रांगेचे पाय आणि नटाचे पाय एकाच जमिनीवर. दर्शनी पडदा नाही. उंच फ्लॅट (नेपथ्याच्या खोट्या भिंती) लावून दिवाणखाना उभा केलात तर एका बाजूचे लोक नाटकभर भिंतीची पाठ बघणार. म्हणून नेपथ्य म्हणजे एक बाक, एक खुर्ची, फार तर एक दार. नट कुणाकडे ना कुणाकडे पाठ करणारच, तेव्हा पाठीनंही बोलता आलं पाहिजे. पुटपुटलेलं वाक्य माइकशिवाय शेवटपर्यंत जातं, आणि खोटं बोललेलंही तितकंच लख्ख ऐकू जातं. लाइटचंही तसंच. आपल्याकडे समोरून धुऊन काढलं की काम भागतं. तिथे तिन्हीकडून द्यायचा आणि समोरच्याच्या डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

आता मुद्दा. गडकरीला बसवलेलं नाटक पृथ्वीत तसंच्या तसं नेता येत नाही, आणि पृथ्वीतलं गडकरीला नेलं तर मरतं. मराठी नाटक ज्या शहरभरच्या नाट्यगृहांत फिरून जगतं ती सगळी एका साच्याची आहेत म्हणून तर शनिवारी दुपारी ठाणे, रात्री पार्ले आणि रविवारी बोरिवली करता येतं. मध्येच वेगळ्या आकाराचं एक नाट्यगृह आलं तर निर्माता त्याचं करणार काय?

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९:१०

विंगेतला यांनी पाऊण धागा सोडवला, उरलेला पाव मी आकड्यांत मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुणी पावती मागू नये.

समजा तिकीट सरसकट ३०० रुपये. दोनशे खुर्च्या हाउसफुल्ल म्हणजे ६० हजार. हजार खुर्च्या, त्यातल्या साठ टक्के भरल्या तरी १ लाख ८० हजार. यातून जातं काय? नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाइट (दर प्रयोगामागचे पैसे), लेखक-दिग्दर्शकाचं मानधन, लाइट-साउंडवाले, बॅकस्टेज, मेकअप, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. जाहिरातीचा खर्च प्रेक्षक दोनशे असोत की हजार, तेवढाच. टेम्पोही तेवढाच. दोनशे खुर्च्यांत हे बसतच नाही. तिकीट हजार रुपये केलं तरच बसेल, आणि मग तलावपाळीचे ठाणेकर बुकिंगच्या खिडकीवर नाही, माझ्या घरावर येतील.

पृथ्वीत हे गणित चुकतं कसं? एक तर भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं. दुसरं, एकाच नाटकाला तिथे सलग काही दिवस मिळतात. सोमवारी नाट्यगृह बंद, बाकी दिवस नाटक. सेट एकदा लावला की लावला. आपल्याकडे प्रत्येक प्रयोगाला लावा, काढा, टेम्पोत भरा.

गिरणगाव | मंगळवार, सकाळी १०:०२

उपनगर-उपनगर करताय, पण हे सुरू झालं कुठे ते बघा. परळचं दामोदर १९२२चं, सोशल सर्व्हिस लीगनं बांधलेलं. शिवाजी मंदिर १९६५ला आलं, त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे गिरणी कामगारांची नाटकं, कोकणातले दशावतारी, नमन, सगळं तिथे व्हायचं. पाळी संपवून माणूस थेट नाटकाला. मालवणहून आलेल्या मंडळींना मुंबईत हक्काची जागा तीच. २०२३ सरता सरता तेही बंद झालं, पुनर्बांधणीसाठी. कलाकार रस्त्यावर उतरले तेव्हा उपनगरवाल्यांना कळलं की असं काही होतं.

आणखी एक गंमत. गिरण्यांच्या संपावरचं, कापड कामगारांवरचं सुनील शानबागनी बसवलेलं 'कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४' मी पाहिलं कुठे? जुहूला, पृथ्वीत. आमची गोष्ट बघायला आम्ही दोन गाड्या आणि एक बस बदलून गेलो. आजूबाजूला कॉफी पिणारी मंडळी. राग आला होता, पण नाटक संपल्यावर उठवत नव्हतं.

भरत मुनीचा भाचा | मंगळवार, सकाळी १०:२०

कॉफीचा उल्लेख झाला आहे तर विचारतो. मध्यंतरात बटाटेवडा मिळत नसेल तर त्याला नाटक म्हणता येतं का?

तलावपाळी | मंगळवार, सकाळी १०:२४

नाही. पुढचा प्रश्न.

खवचट | मंगळवार, सकाळी १०:२९

पृथ्वीची आयरिश कॉफी नाटकापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे, कित्येक जण तेवढीच पिऊन परत जातात. आपल्याकडेही नाटक पडलं तरी वडा पडलेला ऐकिवात नाही. तेव्हा दोन्ही रंगभूमींत मूलभूत फरक नाही, हे सिद्ध. धागा बंद करावा.

माई | मंगळवार, दुपारी १२:१५

वडे खाऊन झाले असतील तर छबिलदासबद्दल बोलू. वर एका ओळीत उडवलंय, 'शाळेच्या हॉलमध्ये' म्हणून. मी तिथे जात असे.

आविष्कार या नाट्यसंस्थेनं १९७४पासून छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि बरोबरची सगळी माणसं. संध्याकाळी शाळा सुटली की हॉल ताब्यात, सकाळी शाळा भरायच्या आत सगळं जागेवर. बाहेर दादर स्टेशनचा बाजार, भाजीवाल्यांची ओरड आत ऐकू यायची. प्रेक्षक शंभर-दीडशे. तिथे जे नाटक होत होतं ते पृथ्वीच्या चार वर्षं आधी होत होतं. दिग्दर्शक सत्यदेव दुबे तिथेही होते आणि पुढे पृथ्वीतही. नटही बरेचसे तेच. लोक समजतात तशा या दोन रंगभूमी वेगळ्या नव्हत्या, एकाच माणसांची दोन घरं होती. फरक एवढाच की जुहूचं घर मालकीचं होतं आणि दादरचं भाड्याचं. मग छबिलदास सुटलं आणि आविष्कारनं माहीमच्या पालिका शाळेत बस्तान हलवलं. पुन्हा शाळाच.

पाचवी रांग म्हणतात इच्छा नव्हती. इच्छा उदंड होती. पण आम्हाला तो हॉल पुरे वाटत होता, आणि 'आपली इमारत' म्हणणं काहीसं मध्यमवर्गीय, संस्थानिकी वाटत होतं. चळवळ म्हणजे बिऱ्हाड पाठीवर, अशी कल्पना. जेनिफर आणि शशी कपूरनी मात्र आधी भिंती बांधल्या. आज भिंती उभ्या आहेत.

पार्लेकरीण | मंगळवार, दुपारी १२:४०

माई, हे फार बरं झालं लिहिलंत.

नेमकं बोला | मंगळवार, दुपारी १:१०

माई, पूर्ण सहमत नाही. इमारत असती तरी चालवली कुणी असती? पृथ्वीमागे एक कुटुंब उभं राहिलं, आधी जेनिफर, मग तिची मुलं कुणाल आणि संजना. आपल्या संस्थांत निवडणुका होतात, पॅनेलं पडतात, आणि तिसऱ्या वर्षी हॉल लग्नाला द्यायचा ठराव मंजूर होतो.

माई | मंगळवार, दुपारी १:३२

लग्नांमुळे निदान पंखे तरी दुरुस्त होतात.

बंगळूरवासी | मंगळवार, सायंकाळी ६:०५

कुटुंबच लागतं असं नाही. आमच्या जे. पी. नगरमधलं रंगशंकरा बघा. कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग १९९०ला अपघातात गेले, त्यांच्या नावे पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ला हे उभं केलं. मराठी वाचकांना सांगायला हवं, शंकर मुंबईत मराठी रंगभूमीवरच तयार झाला, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटातही आहे. अरुंधतीही मुंबईच्या मराठी, गुजराती, हिंदी रंगभूमीवरच्या. पृथ्वीचा नमुना समोर होता हे त्या स्वतःच सांगतात. तीनशेच्या आसपास खुर्च्या, तिकीट परवडणारं, आणि वेळ झाली की दार बंद. मंत्री असो की सासरे, आत प्रवेश नाही. पैसा सरकार, कंपन्या आणि सामान्य लोक अशा सगळ्यांकडून गोळा केला.

म्हणजे मुंबईच्या मराठी रंगभूमीत घडलेल्या माणसांनी छोटं नाट्यगृह बांधलं, फक्त ते बंगळूरच्या उपनगरात. प्रश्न अधिकच अवघड झाला, क्षमस्व.

भरत मुनीचा भाचा | मंगळवार, सायंकाळी ६:४०

'वेळ झाली की दार बंद' हा नियम आपल्याकडे लावला तर पहिल्या अंकाला फक्त नट असतील. आपल्याकडे तिसरी घंटा झाली की लोक गाडी पार्क करायला जागा शोधू लागतात.

हर्षाबेन फ्रॉम पार्ला | मंगळवार, रात्री ८:१५

मराठी शिकलेली गुजराती, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं पण तुमच्यासारखंच. पार्ल्याला भाईदास, मोठं सभागृह, रविवारी सगळं गुजराती कुटुंब तिथे असायचं. संस्थांचे चॅरिटी शो, तिकीट मंडळाकडून, नाटक बघायला कमी आणि भेटायला जास्त. तिथून पृथ्वी किती लांब? रिक्षानं थोडंच. पण माझ्या सासूबाई कधी पृथ्वीला गेल्या नाहीत. म्हणायच्या, तिथे हसायची परवानगी असते का?

खवचट | मंगळवार, रात्री ८:२१

सासूबाईंना इथे सदस्य करून घ्या.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:५०

रात्री विचार करत होतो. भाडं आणि टेम्पो सोडा, एक मोठा आकडा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. नटाचं पोट कशावर चालतं?

पृथ्वीत काम करणारे बहुतेक नट जुहू, अंधेरी, वर्सोव्याला राहतात. ते राहतात तिथे सिनेमा आणि मालिकांसाठी. नाटकातून त्यांना मिळणाऱ्या पैशात रिक्षाही भागत नाही, आणि तशी त्यांची अपेक्षाही नसते. पृथ्वीराजांच्याच पद्धतीनं, कॅमेऱ्यापुढे कमवा आणि नाटकात घाला. म्हणून दोनशे खुर्च्या चालतात.

मराठी नट मात्र नाटकावर जगत होता. नाइट हेच उत्पन्न. महिन्याला पंचवीस प्रयोग झाले तर घर चालणार. त्याच्या नाइटला हजार खुर्च्या लागतात. म्हणजे गडकरी, दीनानाथ, कालिदास ही नुसती नाट्यगृहं नव्हती, तो एका व्यवसायाचा पगार होता. भारतात किती भाषांत नट निव्वळ नाटकावर संसार करू शकले, विचार करा. ते या बाल्कन्यांमुळे. पाचवी रांगेनं त्याला 'इच्छा नव्हती' म्हणणं मला जरा कृतघ्नपणाचं वाटतं.

पाचवी रांग | बुधवार, सकाळी ९:३५

हिशेबनीस, हा मुद्दा जोरदार आहे, आणि गेल्या शतकापुरता मान्य. पण तुमच्याच मुद्द्यानं पुढे जाऊ. आज मराठी नट कशावर जगतो? मालिकांवर. शूटिंग घोडबंदर रोडला आणि फिल्मसिटीत. नाटकाच्या तारखा मालिकेच्या सुट्ट्या बघून लागतात, हे विंगेतला मान्य करतील. म्हणजे आजचा मराठी नट पृथ्वीच्या नटासारखाच कॅमेऱ्यावर कमावतो. मग हजार खुर्च्यांची सक्ती कशाला? पगार दुसरीकडून यायला लागला आणि नाट्यगृह मात्र जुन्याच मापाचं.

विंगेतला | बुधवार, सकाळी १०:१०

मान्य. शनिवार-रविवार सोडून प्रयोग लावणं आता जवळपास थांबलंय. तारखांसाठी मारामारी तीही दोनच दिवसांची. बाकी आठवडाभर नाट्यगृहात शाळांची संमेलनं, पक्षांचे मेळावे, सत्कार. पालिकेला हजार खुर्च्या हव्या असतात त्या यासाठीही. उगाच नाटकाच्या डोक्यावर खापर नको.

तलावपाळी | बुधवार, सकाळी १०:५५

छोटी सभागृहं अगदीच नाहीत असं नाही हां. ठाण्यातच काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्याबरोबर एक लघु सभागृह आहे. बोरिवलीच्या प्रबोधनकारमध्ये आहे, प्रभादेवीला रवींद्रमध्ये आहे.

विंगेतला | बुधवार, सकाळी ११:२०

आहेत. पण ती मोठ्या नाट्यगृहाची लहान आवृत्ती म्हणून बांधलीत. समोर उंच चौथरा, त्यावर पडदा, खाली खुर्च्या एका दिशेनं. एका पालिकेच्या लघु सभागृहात (नाव नको) लाइट टांगायला वर पाइपच नव्हते, ट्यूबलाइट होत्या. विचारलं तर उत्तर आलं, 'इथे पुस्तकं प्रकाशित होतात, त्यांना कशाला लाइट?' दीडशे खुर्च्या ठेवल्यानं पृथ्वी होत नाही. तीन बाजू, चढ, वर लोखंडी जाळी, आणि सलग चार दिवस त्याच नाटकाला द्यायची तयारी. हे चारही लागतं.

गिरणगाव | बुधवार, दुपारी १२:०५

वर्सोव्याच्या आराम नगरात जाऊन या कुणीतरी. जुन्या बंगल्यांत पन्नास-साठ माणसांच्या जागा निघाल्यात, काळा रंग मारलेल्या खोल्या. रोज काही ना काही चालू. नट हौशी, नाटकं कच्ची, उकाडा भयंकर. पण चालू आहे. बहुतेक हिंदी. हिशेबनीस म्हणतात तेच, जिथे नट राहतात तिथे हे उगवतं. आता मराठी नट राहतात कुठे? ठाणे, गोरेगाव, मालाड, डोंबिवली.

नेमकं बोला | बुधवार, दुपारी १:१५

आणि पुण्यातल्या आसक्तसारख्या संस्था मुंबईत आल्या की पृथ्वीत प्रयोग करतात, तेव्हा तिथे मराठी माणसं भरलेली असतात. प्रेक्षक नाही ही सबब राहत नाही. जुहूपर्यंत यायची तयारी आहे, तर ठाण्यात का येणार नाहीत?

पार्लेकरीण | बुधवार, दुपारी १:५०

म्हणजे घोडबंदर रोडला एक काळी खोली. मालिकेचं पॅकअप झालं की तिथून थेट तालीम. माई, तुमच्या काळी दादर स्टेशन मध्ये होतं म्हणून छबिलदास जमलं, आता मध्य बदललाय.

माई | बुधवार, दुपारी २:३०

जमवा. पण या वेळी भाडेकरार अकरा महिन्यांचा करू नका, एवढं सांगते.

तलावपाळी | बुधवार, सायंकाळी ५:१५

गडकरी बऱ्याच महिन्यांच्या दुरुस्तीनंतर २०२५मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा आम्ही इतके खूश होतो की दुसरं काही मागायचं सुचलंच नाही. आता सुचलंय. मोठं नाट्यगृह हवंच, त्यावर तडजोड नाही. पण पालिकेच्या विकास आराखड्यात शाळेशेजारी एक बंदिस्त हॉल मागायला हरकत नाही. विंगेतला, तुमची ती चार कलमं जरा सविस्तर लिहून द्या, छताची उंची, पाइपांचं अंतर, विजेचा भार वगैरे. नगरसेवकाला नेऊन देतो. त्याची मुलगी एकांकिका करते.

विंगेतला | बुधवार, रात्री ११:२०

उद्या देतो. आज प्रयोग होता, सेट आत्ता टेम्पोत चढतोय.